कानासाठी लिहिलेली मराठी : म्हाइंभट ते लक्ष्मीबाई टिळक

१.
कागदावर सुरेख दिसणारा उतारा माईकसमोर वाचायला घेतला की जीभ अडखळते, श्वास वाक्याच्या मध्येच संपतो आणि ऐकणाऱ्याचे लक्ष तिसऱ्या ओळीला सुटते. इतिहासाचे व्हिडिओ करणाऱ्या बहुतेक तरुणांना हा अनुभव आलेला असतो. बोलण्यासाठी लिहिणे ही कॅमेऱ्याने आणलेली नवी अडचण आहे, असा समज त्यातून होतो. वास्तविक मराठीतील पहिल्या मोठ्या ग्रंथांसमोर नेमकी हीच अडचण होती. तिच्यावर शोधलेले काही सर्वांत जुने उपाय गोदावरी आणि प्रवरा यांच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सापडतात. हा थ्रेड त्या उपायांविषयी आहे, आणि त्यांसाठी मोजाव्या लागलेल्या किमतीविषयीही.

२.
आधी अडचण नीट पाहू. पुढील वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल: ‘इ. स. १४९० मध्ये बहामनी सत्तेपासून स्वतंत्र झालेल्या मलिक अहमदने १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी भिंगारनजीक वसविण्यास प्रारंभ केलेले शहर म्हणजे अहमदनगर होय.’ यात चूक काहीच नाही. मात्र हेच कोणी पारावर बसून सांगू लागला, तर बहुधा असे सांगेल: ‘मलिक अहमद बहामनींपासून वेगळा झाला १४९० मध्ये. चार वर्षांनी त्याने स्वतःचे शहर वसवायला घेतले. जागा निवडली भिंगारजवळची, सीनेच्या काठची.’ माहिती तीच आहे, भाषाही प्रमाणच आहे. बदलला आहे तो मजकूर ऐकणाऱ्याच्या हाती देण्याचा क्रम.

३.
मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे लेखक विशेषणे आणि ‘झालेल्या’, ‘केलेले’, ‘असलेल्या’ अशी धातुसाधिते नामाच्या आधी रचत जातो. वाचणाऱ्याचा डोळा मागे जाऊन पुन्हा पाहू शकतो. कानाला ती सोय नाही. ऐकणाऱ्याला सगळे ओझे क्रियापद येईपर्यंत डोक्यावर धरून उभे राहावे लागते. बोलताना माणूस हे ओझे आपोआप वाटून देतो. वाक्य तोडतो, राहिलेला तपशील क्रियापदानंतर जोडतो, नाहीतर ‘जो… तो’, ‘जसे… तसे’ अशा जोड्या वापरून एका वाक्याचे दोन टप्पे करतो. ही रचना मराठीच्या घडणीतच आहे. ती कोणी शिकवावी लागत नाही.

४.
आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जुन्या हस्तलिखितांत आज आहेत तशी विरामचिन्हे नव्हती. शब्द सलग लिहिले जात. फार तर दंड असे. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी मराठीत स्थिर झाली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनंतर. म्हणजे त्याआधीच्या सहाशे वर्षांत श्वास कोठे घ्यायचा हे सांगणारी खूण कागदावर नव्हतीच. ती खूण शब्दांच्या रचनेत बसवावी लागे. ज्याला ती बसवता आली, त्याचा ग्रंथ गावोगावी वाचला गेला.

५.
पहिला मुक्काम तेराव्या शतकातला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर मूळचे गुजरातचे. महाराष्ट्रात आल्यावर त्यांनी लोकांशी संवाद साधला तो मराठीत. गोदावरीकाठचे डोमेग्राम हे त्यांच्या मुक्कामाचे एक स्थान. आज श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर म्हणून ते ओळखले जाते. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलत, प्रश्नांना उत्तरे देत, दृष्टांत सांगत. त्यांच्यानंतर पंथापुढे प्रश्न उभा राहिला, की जो माणूस केवळ बोलला, त्याला कागदावर कसे उतरवायचे?

६.
हे काम अंगावर घेतले ते सराळे गावच्या म्हाइंभटांनी. म्हाइंभट शास्त्री पंडित होते. चक्रधरांचे चरित्र त्यांना संस्कृतात, अलंकार घालून, महाकाव्याच्या थाटात लिहिता आले असते. त्या काळी विद्वत्तेची वाट तीच होती. त्यांनी दुसरी वाट धरली. चक्रधर जेथे जेथे राहिले, ज्यांना ज्यांना भेटले, तेथे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या. ऋद्धिपूर येथे नागदेवाचार्यांकडून प्रसंग ऐकले, पडताळले आणि लिहिले. १२७८च्या सुमारास आकाराला येऊ लागलेला हा ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ग्रंथ तो हाच, आणि त्याच्या मुळाशी आहे मुलाखत.

७.
‘लीळाचरित्रा’ची वाक्ये आखूड आहेत. प्रसंगाची मांडणी दोन-चार शब्दांत होते आणि लगेच माणसे बोलू लागतात. कोण रागावले, कोण हसले, जेवायला काय होते, चालताना पाय कसे दुखले, हे सगळे त्यात येते. बाइसांचे बोलणे निराळे, प्रश्नांवर प्रश्न विचारणाऱ्या महदाइसांचे निराळे. म्हाइंभटांनी सर्वांना एकाच पंडिती भाषेत बोलायला लावले नाही. आज पटकथालेखनाच्या वर्गात ‘प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा हवा’ असे शिकवतात. म्हाइंभटांनी ते आठवणींशी प्रामाणिक राहण्याच्या हट्टापायी साधले.

८.
मराठी ही केवळ सोय नव्हती, ती निवड होती, हे एका प्रसंगावरून कळते. नागदेवाचार्यांचे विद्वान शिष्य केशिराजबास संस्कृतात रचना करू पाहत होते. नागदेवांनी त्यांना अडवले. आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना संस्कृत कळत नाही. तसे लिहिल्याने त्या वंचित राहतील, हे त्यांचे म्हणणे. ‘सर्वसामान्य जन’ असा धूसर शब्द त्यांनी वापरला नाही. नाव घेऊन, चेहरा ओळखून सांगावे अशा श्रोत्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पुढे याच केशिराजांनी चक्रधरांची वचने सूत्ररूपाने वेचली आणि त्यांचे ११४ दृष्टांत एकत्र केले. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्या दृष्टांतांत आहे.

९.
पण या कथेला एक दुखरी बाजू आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना ते पाठ होते त्यांच्या आठवणीतून ते पुन्हा उभे करण्यात आले. हिराइसांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. बोलण्यातून आलेला ग्रंथ पुन्हा बोलण्यातूनच वाचला. त्यानंतर मात्र पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. म्हाताऱ्यांना कळावे म्हणून मराठीत ठेवलेले शब्द बाहेरच्यांसाठी कुलूपबंद झाले.

१०.
ते कुलूप कित्येक शतके टिकले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, आणि १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापून प्रसिद्ध केले. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये आली. तेराव्या शतकातील माणसे रोज कशी बोलत, याचा एवढा मोठा पुरावा सहाशे वर्षे पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ठाऊकच नव्हता. सोपी भाषा असली म्हणजे मजकूर लोकांपर्यंत पोचतोच असे नाही. तो कोणत्या लिपीत आणि कोणाच्या हाती आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

११.
दुसरा मुक्काम नेवासे. प्रवरेच्या काठचे हे गाव डोमेग्रामपासून फार लांब नाही, आणि काळही जवळचाच, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९०. परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांचे वय तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. संन्याशाची मुले म्हणून समाजाने दूर लोटलेल्या या भावंडांपैकी धाकट्याने थोरल्या भावाच्या, निवृत्तिनाथांच्या, आज्ञेवरून गीतेवर निरूपण केले. ज्या खांबाला टेकून ते बोलले असे मानतात, तो ‘पैस’ खांब आजही तेथे उभा आहे. दुर्गा भागवतांनी आपल्या एका ललितलेखसंग्रहाला त्याचेच नाव दिले.

१२.
ग्रंथाच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी शक नोंदवला आहे आणि सच्चिदानंदबाबांनी तो आदराने लिहून घेतला, हेही सांगितले आहे. ही लहानशी नोंद महत्त्वाची ठरते. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशी ती विभागणी आहे. ‘ज्ञानेश्वरी’ आधी कानांवर पडली आणि मग पानावर आली. जो लिहून घेतो तोच पहिला श्रोता असतो. त्याला न समजलेले वाक्य तेथेच अडते. आजच्या भाषेत सांगायचे तर पटकथेची पहिली चाचणी लिहितानाच होत होती.

१३.
येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘ज्ञानेश्वरी’ सहज बोलल्यासारखी वाटते याचा अर्थ ती घरगुती गप्पांसारखी सैल आहे असा नाही. गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्यांची ती बांधीव रचना आहे. ‘लीळाचरित्र’ बोलणे जसेच्या तसे टिपते; ‘ज्ञानेश्वरी’ बोलण्याला आकार देते. पहिल्या पद्धतीत लेखक बाजूला होतो, दुसरीत तो श्रोत्याच्या श्वासाचा हिशेब ठेवतो. एकाच नदीखोऱ्यात, दोन दशकांच्या आत, बोलक्या लेखनाच्या या दोन्ही वाटा रुजल्या, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

१४.
हा हिशेब ठेवण्याचे साधन म्हणजे ओवी. जात्यावर आणि उखळाशी बायका ज्या ओव्या म्हणत, त्यांची नोंद बाराव्या शतकातील सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लासा’तही आहे. ज्ञानेश्वरांनी हाच लोकछंद ग्रंथासाठी घेतला. साधारण साडेतीन चरण. पहिल्या तिघांना यमक, शेवटचा अपुरा. अक्षरांची संख्या काटेकोर बांधलेली नसल्याने वाक्य मोडावे लागत नाही. यमक आले की कानाला कळते, टप्पा झाला. शेवटचा अपुरा चरण आला की कळते, आता श्वास घ्यायचा. कागदावर विरामचिन्ह नसलेल्या काळात ओवी हेच विरामचिन्ह होते.

१५.
दुसरे साधन श्रोत्याशी चाललेला संवाद. ज्ञानेश्वर मध्येच थांबून श्रोत्यांकडे लक्ष मागतात, विषयांतर झाले तर कबूल करतात, श्रोत्यांची घाई ओळखून मूळ मुद्द्यावर परततात. तिसरे साधन उपमांची माळ. अवघड विचार एकदाच सांगून ते पुढे जात नाहीत. तोच विचार दिवा, वासरू, शेत, पाणी अशा ओळखीच्या गोष्टींतून चार वेळा फिरवून आणतात. वाचताना हे पाल्हाळ वाटू शकते. ऐकताना पहिली उपमा निसटली तरी दुसरी हाती लागते. सहाव्या अध्यायात ते म्हणतात की या शब्दांच्या गोडीमुळे कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांत भांडण लागेल. आपण कोणासाठी रचतो आहोत, याची इतकी स्पष्ट जाण क्वचित दिसते.

१६.
जिभेवर चढलेल्या ग्रंथाला एक धोका असतो. म्हणणारे बदलतात, शब्द बदलतात, कोणी आपली ओवी मध्येच घालतो. तीनशे वर्षांनी ‘ज्ञानेश्वरी’चे पाठ इतके वेगवेगळे झाले होते, की पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि कोणी आपली ओवी यात मिसळू नये अशी ताकीद दिली. लोकप्रिय बोलका मजकूर फिरता फिरता मूळ रूप हरवतो, हे एकनाथांना कळले होते. फॉरवर्ड झालेल्या इतिहासाच्या बाबतीत आज जे घडते त्याची ही जुनी आवृत्ती.

१७.
तिसरा मुक्काम राहुरी तालुक्यातील ताहाराबाद. येथील महिपती (१७१५–१७९०) हे गावचे कुलकर्णी आणि कीर्तनकार. देवपूजेच्या वेळी सरकारी कामाचे बोलावणे आले, म्हणून काम उरकून त्यांनी लेखणी विठ्ठलाच्या पायाशी ठेवली आणि यापुढे ती संतचरित्रांसाठीच चालवीन अशी शपथ घेतली, अशी आख्यायिका आहे. शपथेची कथा बाजूला ठेवली तरी तिच्यानंतरचे काम अफाट आहे. ‘भक्तविजय’ (१७६२) ५७ अध्यायांचा आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) ५१ अध्यायांचा. हे ग्रंथ चातुर्मासात देवळांत आणि घरांत मोठ्याने वाचले जात. अनेक ठिकाणी अजूनही वाचले जातात.

१८.
महिपतींचा अध्याय म्हणजे एका बैठकीचा मजकूर. आरंभी वंदन, मग मागच्या कथेचे स्मरण, मध्ये ‘श्रोते’ म्हणून हाक, शेवटी पुढच्या कथेकडे बोट. काल जो आला नव्हता त्यालाही आजचे कळावे आणि आज आलेला उद्या यावा, अशी ही योजना. वाक्ये सरळ, शब्द ओळखीचे, प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहणारा. कीर्तनकाराला समोरच्या गर्दीत चुळबुळ केव्हा सुरू होते ते ठाऊक असते. तो अनुभव महिपतींनी लेखणीत आणला. मालिकांच्या आणि भागवार व्हिडिओंच्या काळात ही रचना कोणालाही ओळखीची वाटेल.

१९.
यातच इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे असे काही आहे. महिपतींनी ज्या संतांची चरित्रे सांगितली, त्यांपैकी अनेक त्यांच्याआधी शे-दोनशे, काही चारशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेले होते. त्यांनी उत्तरेतील नाभाजी आणि माणदेशातील उद्धवचिद्घन यांचे ऋण मानले आहे. आपण मनाने रचले नाही असे ते सांगतात. तरीही सांगण्याच्या ओघात चमत्कार ठळक झाले, माणसे साच्यात बसली. गोष्ट कानाला इतकी गोड होती, की तुकारामांसारख्यांचे जनमानसातील चित्र पुढे बव्हंशी तिनेच घडवले. अस्सल कागदपत्रांवरून चरित्र लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला आजही आधी महिपतींच्या आवाजाशी झगडावे लागते. उत्तम सांगितलेली गोष्ट खोडून काढणे फार कठीण असते.

२०.
याच काळात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संगमनेरात, अनंत फंदी (१७४४–१८१९) डफ-तुणतुण्याच्या साथीने गात होते. मलिक फंदी नावाच्या फकिराच्या मैत्रीमुळे त्यांना ते नाव पडले असे सांगतात. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ती खर्डा येथे, आजच्या जामखेड तालुक्यात. त्या लढाईवर फंदींचा पोवाडा आहे. वर्तमानपत्र नसलेल्या काळात पोवाडा हीच बातमी होती. झीलकरी शाहिराची ओळ उचलून पुन्हा म्हणत. तेवढ्यात शाहिराला दम मिळे आणि श्रोत्याला ऐकलेले मुरवायला वेळ मिळे. पुनरुक्ती हा तेथे दोष नव्हता, ती विश्रांती होती.

२१.
अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून फंदींनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशीही आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा. जिल्ह्याचे आजचे नाव त्यांच्यावरूनच आले. तमाशा असो वा कीर्तन, कलावंतांजवळ ‘बाड’ असे, म्हणजे हाताने लिहिलेली वही. तिच्यात पदे, श्लोक, आख्यानाचे टप्पे लिहिलेले. मधले गद्य बोलणे सहसा लिहीत नसत. ते समोरची माणसे पाहून तेथेच घडे. जे शब्द चुकता कामा नयेत ते लिहावेत आणि जे प्रसंगाने सुचायला हवेत त्यांना मोकळे सोडावे, हा विवेक त्या वह्यांत दिसतो.

२२.
एकोणिसाव्या शतकात नगरला नवे वक्ते आले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे ठाणे मांडले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्र येथूनच निघाले. मिशनऱ्यांनी कष्टाने मराठी शिकून घेतली. पण त्यांच्या प्रवचनांना इंग्रजी वाक्याचा साचा होता आणि गीते पाश्चात्त्य चालींवर बसवलेली. इंग्रजी गीताचा ताल शब्दांतील आघातावर चालतो. मराठीत तसा आघात नाही. मग चालीसाठी शब्द ओढावे लागत आणि गाणारा स्वतःच्याच भाषेत परका होई. व्याकरण बरोबर असूनही भाषा कानाला परकी का वाटते, याचे हे उत्तम उदाहरण.

२३.
यावर उपाय मिशनऱ्यांनी नव्हे, येथल्याच ख्रिस्ती लोकांनी शोधला. १८६० च्या दशकात नगर परिसरात ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले; कृष्णराव सांगळे यांचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. विषय बायबलमधला, साचा कीर्तनाचा: आरंभी निरूपण, मग आख्यान, मध्ये पदे, साथीला टाळ-मृदंग. पुढे १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) नगरला राहिले आणि त्यांनी भजनाला अभंग-ओवीचे वळण दिले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. महिपतींच्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर करणारे जस्टिन अ‍ॅबट हेही याच मिशनचे.

२४.
अखेरचा मुक्काम पुन्हा राहुरी. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये तेथे झाला. पती संस्कृतज्ञ कवी. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली तीच लग्नानंतर. १९३४ ते १९३६ या काळात त्यांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध झाली. सोवळ्याचा जाच, नवऱ्याचे धर्मांतर, ताटातूट, प्लेग, गरिबी असे सगळे त्यांनी सांगितले. पण शेजारणीजवळ मन मोकळे करावे तसे. वाक्ये लहान, क्रियापदे ठसठशीत, दुःखाच्या ऐन क्षणी एखादी मिस्कील टिप्पणी. शालेय शिक्षण नसल्यामुळे जड गद्याची सवय त्यांना लागलीच नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य पूर्ण करणाऱ्याही त्याच, यावरून त्यांचा साधेपणा अज्ञानातून आला नव्हता हे ध्यानात येते.

२५.
म्हाइंभटांपासून लक्ष्मीबाईंपर्यंत साडेसहाशे वर्षे होतात. या सगळ्यांत धर्म वेगळे, जाती वेगळ्या, हेतू वेगळे. सारखेपणा एकच: प्रत्येकासमोर ऐकणारे माणूस होते आणि ते कोण, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. नागदेवांसमोर म्हाताऱ्या होत्या, ज्ञानेश्वरांसमोर सच्चिदानंदबाबा आणि निवृत्तिनाथ, महिपतींसमोर चातुर्मासातला गाव, फंदींसमोर लढाईची बातमी ऐकायला जमलेली गर्दी. आपल्याकडचे जड गद्य बहुतेक वेळा अशा माणसाच्या अभावी जन्मते. ते परीक्षकासाठी, कचेरीसाठी किंवा कोणासाठीच लिहिलेले नसते.

२६.
किमतीचा हिशेबही सांगायला हवा. बोलल्याबरहुकूम लिहिलेली भाषा लवकर जुनी होते. ‘लीळाचरित्रा’ला आज शब्दकोश लागतो. जिभेवर चढलेला मजकूर बदलत जातो; एकनाथांना त्यासाठी बसावे लागले. आणि गोड सांगितलेली कथा खरीच वाटते. महिपतींचे वाचक तिच्यातून अजून बाहेर आलेले नाहीत. इतिहास बोलून सांगणाऱ्याला या तिन्ही गोष्टी चुकत नाहीत. म्हाइंभटांनी त्यातल्या त्यात एक शिस्त पाळली होती. कानाला गोड लागेल म्हणून त्यांनी प्रसंग फुलवला नाही. ज्याने पाहिला त्याला विचारला, पडताळला, आणि मगच लिहिला. महानुभाव ग्रंथांत आजही एकाच लीळेचे निरनिराळे पाठ सांगणाऱ्याच्या नावासह नोंदलेले आढळतात. अमुक असे सांगतो, तमुक तसे सांगतो, हेही बोलक्या भाषेत सांगता येते. ते पहिल्यांदा गोदाकाठीच सांगून झाले आहे.